खुंट्याची जागा

खुंट्याची जर्सी घामानं ओली झालेली मी कधी पाहिली नाही. नांदेडचा मे महिना, दुपारी चारची मॅच, जमीन अशी तापलेली की बुटातून चटका बसावा. मॅच संपली की आम्ही दहा जण जर्स्या काढून पिळायचो आणि खुंटा तीच जर्सी घालून सरळ मामाच्या दुकानावर जाऊन गिऱ्हाईक करायचा. हा माणूस आत्ता नव्वद मिनिटं फुटबॉल खेळून आलाय, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागे, आणि सांगूनही पटत नसे.

नाव बसवराज. उदगीरचा, लिंगायत घरातला. वडिलांचं तिथं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, डाळींचं दुकान. नांदेडला मामाचं नळ-पाइपांचं दुकान होतं, तिथं मदतीला म्हणून आला तेव्हा वय असेल बावीस-तेवीस. घरी त्याला बसू म्हणत. आमचा गोलकीपर दत्ता रिक्षा चालवायचा. त्याला हे घरचं नाव कळलं तेव्हा तो म्हणाला, "आईबापानं नाव ठेवतानाच सांगून ठेवलं होतं की, हे पोरगं उठणार न्हाई." खुंटा हे नावही दत्तानंच दिलं. गोठ्यात जनावर बांधायचा खुंटा असतो ना, सगळं त्याच्याभोवती फिरतं आणि तो जागचा हलत नाही, तसा. बसवराजनं ते नाव मनाला लावून घेतलं नाही. उलट म्हणाला, "बरंय की. खुंटा हलला तर म्हैस शेजारच्या रानात जाईल."

पहिल्या दिवशी तो मैदानात आला तोच चपला घालून. नदीकडच्या मैदानावर आमचा सराव चालला होता आणि तो कडेला उभा राहून शेंगा खात होता. एक चेंडू उडत त्याच्याकडं गेला. शेंगांचा पुडा डाव्या हातात तसाच धरून त्यानं चप्पल काढली आणि अनवाण्या उजव्या पायानं चेंडू परत मारला. मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतो. मधे वीस-बावीस माणसं. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून आला आणि माझ्या छातीवर असा उतरला की मला पाऊलसुद्धा हलवावं लागलं नाही. आमचे हबीब सर, शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून सारी नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता हौसेनं आमच्या संघाला शिकवणारे, शिट्टी तोंडातच ठेवून त्याच्याकडं चालत गेले. "मियाँ, फिर से मारके बता," म्हणाले. त्यानं परत मारून दाखवला. परत माझ्याच छातीवर. दुसऱ्या दिवशी तो संघात होता.

असा पाय कुठून आणला म्हणून विचारलं तर तो मोंढ्याचं नाव सांगायचा. उदगीरच्या मोंढ्यात दुकानामागं तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. दोन थप्प्यांच्या मधे चार पावलं जागा आणि समोर गोदामाची भिंत. शाळा सुटल्यावर हा तिथं चेंडू खेळायचा. पळायला जागाच नाही. भिंतीवर कुठं मारला की चेंडू कुठल्या थप्पीवरून कसा परत येतो, एवढंच शिकायला मिळालं, ते त्यानं दहा वर्षं शिकून घेतलं. "मैदान म्हंजे काय असतं ते मी नांदेडला आल्यावर बघितलं," असं तो म्हणायचा. "एवढी जागा कशाला लागते लोकांना?"

त्याची आणखी एक सवय होती, ती लक्षात यायला मला बरेच दिवस लागले. चेंडू त्याच्याकडं येण्याआधी तो मान वळवून दोनदा मागं बघायचा. एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. नांदेडात वजिराबादच्या बाजारातल्या गर्दीत एखादी सावध बाई रस्ता ओलांडताना बघते तसं. त्यामुळं चेंडू पायात यायच्या आधीच तो कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असे. आणि आम्हा बाकीच्यांना तो सारखा ओरडायचा, "नोडु! नोडु!" त्यांच्याकडं कानडी-मराठी एकाच ताटात जेवतात. नोडु म्हणजे बघ. आम्हाला वाटायचं चेंडूकडं बघ म्हणतोय. तो चेंडू सोडून बाकी सगळं बघ म्हणत होता.

पण पळायचा नाही. म्हणजे अजिबात नाही. त्याच्यापासून पाच पावलांवर पडलेला चेंडू समोरचा खेळाडू येऊन घेऊन गेला तरी खुंटा त्याच्याकडं पाहुण्याला निरोप द्यावा तसा पाहायचा. अंगानं भरलेला होता, पण त्याहून जाड माणसं मी पळताना पाहिलीत. त्याला पळणंच माहीत नसावं असं वाटायचं. आणि हा सगळा भार पडायचा माझ्यावर. मी लोहा गावचा. घरची शेती, शाळा चार किलोमीटर लांब, ती रोज पळत गाठलेली. माझ्या पायात कसब असं काही नव्हतं, दम होता. संघाचा कप्तान मला केला तो त्या दमावरच. मधल्या फळीत आम्ही दोघं खेळायचो आणि दोघांचं पळणं मी एकटा करायचो.

मग वाद सुरू झाला. सरावानंतर आम्ही सगळे चहाच्या टपरीवर बसायचो आणि रोज एकच विषय: खुंट्याला कुठं उभा करायचा? टेबलावर चहाचे रिकामे ग्लास मांडून मैदान व्हायचं. खुंटा म्हणजे साखरेचा डबा, कारण तो सगळ्यात जड. दत्ता म्हणायचा, "सर, याला पार म्होरं उभा करा. तिथं तसं बी लोक उभेच ऱ्हातात." हबीब सर डबा उचलून मागं ठेवायचे. "नक्को, नक्को. पीछे रखो. इसको पूरा मैदान दिखना." आणि मी डबा उचलून शेजारच्या बाकावर, म्हणजे मैदानाबाहेरच, ठेवायचो. हे सगळं खुंट्यासमोर चालायचं. तो बिस्किट बुडवून खात ऐकायचा, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. कधीतरी म्हणायचा, "डबा हितं द्या जरा, चहा फिक्का हाय."

दत्ताचं आधी ऐकलं. परभणीच्या संघाबरोबर मॅच होती, खुंट्याला सगळ्यात पुढं ठेवलं. तो जिथं उभा राहिला तिथंच राहिला. समोरचा बचाव पुढं सरकला, हा मागं एकटाच, गोलकीपरशेजारी. आम्ही चेंडू दिला की ऑफसाइड. पुन्हा दिला, पुन्हा ऑफसाइड. कडेला झेंडा घेऊन उभा असलेला पंच शेवटी शेवटी झेंडा खाली घेईचना. हाफटाइमला हबीब सर दत्ताला म्हणाले, "देखे? तेरा आइडिया." दत्ता म्हणाला, "आयडिया चांगली हाय सर, माणूस दोन पावलं मागं यायला पाहिजे." खुंटा म्हणाला, "मी जागचा हललो न्हाई. त्येच गेले म्होरं."

पुढच्या मॅचला सरांचं ऐकलं. त्याला सगळ्यात मागं ठेवलं, बचावाच्या मधोमध. पहिला अर्धा तास स्वर्ग होता. तिथून त्यानं असे लांब पास टाकले की आमची आघाडीची पोरं हसत हसत पळत होती. मग समोरच्या संघाला कळलं. त्यांच्यात एक काटकुळा, वाऱ्यासारखा पोरगा होता. त्यानं चेंडू खुंट्याच्या एका बाजूनं पुढं टाकला, स्वतः दुसऱ्या बाजूनं गेला आणि गोल केला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. खुंटा दोन्ही वेळा मान वळवून त्याला जाताना पाहत होता. मी धापा टाकत त्याच्यापाशी गेलो आणि ओरडलो, "आरं, आडव की त्याला!" तो मनापासून म्हणाला, "लई ग्वाड पळतो रे ते पोरगं."

त्या दिवशी मी ठरवलं की बस्स झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मामाच्या दुकानावर गेलो. कप्तान मी होतो, सांगणं माझं काम होतं. तो एका शेतकऱ्याला ठिबकची नळी मोजून देत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "बसू, पुढच्या मॅचला तू बाहेर."

"बरं," तो म्हणाला.

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्या एका शब्दानं माझी पंचाईत झाली. निघावं की काय म्हणत होतो, तेवढ्यात त्यानं विचारलं, "एक सांग लोहेकर, काल तू किती पळालास?"

"लई पळालो. तुझ्या वाटचं बी पळालो."

"हाव. बघितलं मी." त्यानं एक पुठ्ठा ओढला आणि कानावरची पेन्सिल काढून त्यावर मैदान आखलं. मग कालच्या मॅचमधलं माझं पळणं काढायला लागला. इथून इथं, मग इथं, मग परत. मला आठवत नव्हतं, त्याला सगळं आठवत होतं. पुठ्ठा माझ्या रेघांनी भरून गेला. "हे बघ, तू इथं पळत आलास तवा चेंडू तिथनं निघून गेला होता. इथं बी. इथं बी. चेंडू जिथं होता तिथं तू जाऊन राहिलास. जिथं येणार हाय तिथं एकदा बी गेला न्हाईस."

मला राग आला. जागचा न हलणारा माणूस मला पळणं शिकवत होता. मी पुठ्ठा तिथंच टाकून निघून आलो.

पुढची मॅच तो कडेला खुर्ची टाकून बसला. आणि मी पळत होतो. पहिल्या वीस मिनिटांतच मला कळलं की काहीतरी हरवलंय. चेंडू माझ्याकडं यायचा आणि तो कुणाला द्यायचा ते मला सुचत नसे. आतापर्यंत मी तो न बघता खुंट्याकडं टाकत आलो होतो, तो तिथं असणारच म्हणून. आता तिथं कुणी नव्हतं. आम्ही हरलो. मॅचनंतर मी खुर्चीपाशी गेलो. बोलवत नव्हतं, पण बोललो. "तो पुठ्ठा हाय का अजून?"

तो म्हणाला, "त्यात नळाची तोटी बांधून दिली एकाला. दुसरा काढू की."

हबीब सरांनी मग रोजचा वाद मिटवला. टपरीवर साखरेचा डबा बरोब्बर टेबलाच्या मधे ठेवला, त्याच्याशेजारी एक ग्लास ठेवला आणि मला म्हणाले, "ये खुंटा. ये तू. आजसे तुम दोनो मिलके एक खिलाडी. वो देखेगा, तू भागेगा. लेकिन वो बोलेगा वहीं भागेगा." मला हे कमीपणाचं वाटलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. पण मी केलं. तो उभ्या जागेवरून बोलायचा, "डावीकडं. आता थांब. जा, जा, आता जा!" आणि मी जायचो, आणि मी पोचायच्या वेळेला चेंडू तिथं पोचलेला असायचा. त्या वर्षी आम्ही हरायचं विसरलो.

लातूरच्या स्पर्धेतला एक गोल मला अजून जसाच्या तसा दिसतो. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. खुंट्याला तिघांनी घेरलेलं. तो मला "जा" म्हणाला, पण बोट दाखवलं भलतीकडं, जिथं एक गडी आणि चुन्याची रेघ यापलीकडं काही नव्हतं. आधीचा मी असतो तर गेलो नसतो. मी गेलो. तिघं त्याच्या बोटाकडं बघून माझ्यामागं वळले आणि त्यानं टाचेनं चेंडू मागच्या मागं आमच्या मोकळ्या पोराला दिला. गोल झाल्यावर सगळी पोरं त्याच्याकडं धावली, कारण तो त्यांच्याकडं धावणं शक्य नव्हतं.

त्याच पावसाळ्यात त्याचे वडील दुकानाच्या पायरीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. दुकान बघायला एकुलता मुलगा म्हणून तो उदगीरला परत गेला. बसस्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. हबीब सरांनी त्याला आपली शिट्टी द्यायला काढली, तर तो म्हणाला, "सर, शिट्टीला दम लागतो. लोहेकरला द्या." सगळे हसले. बस निघाल्यावर सर बराच वेळ चष्मा पुसत होते.

पुढच्या वर्षी आमच्याच मैदानावर अंतिम सामना होता, आमचा आणि लातूरचा. लातूरचा संघ उतरला तर त्यात खुंटा. उदगीर लातूर जिल्ह्यातलं, त्यांनी शोधून काढला होता. आमच्या पोरांचे चेहरे पडले. मी म्हणालो, "घाबरू नका. तो हलत न्हाई हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक हाय? मी त्याला चिकटून उभा ऱ्हातो. त्याला चेंडू मिळाला न्हाई की झालं." हबीब सरांनी फक्त मान तिरकी केली.

मॅच सुरू झाली. खुंट्यानं मला शेजारी उभं राहिलेलं पाहिलं, हसला आणि चालायला लागला. चालत चालत मैदानाच्या कडेला गेला, जिथं पाण्याचे जार ठेवले होते. तिथं थांबला. मीही थांबलो.

"आई बरी हाय का?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. गप खेळ."

"खेळून राहिलो की," तो म्हणाला.

दहा मिनिटांनी मला समजलं. मैदानाच्या मधे, जिथं मी असायला हवा होतो, तिथं मोठं भगदाड पडलं होतं आणि लातूरची पोरं त्यातून खुशाल ये-जा करत होती. संघातला सगळ्यात पळणारा माणूस पाण्याच्या जारपाशी उभा राहून घरच्यांची खुशाली सांगत होता. सर ओरडले, "छोड उसको!" मी सोडला आणि मधे धावलो. त्याच क्षणी चेंडू खुंट्याकडं आला. त्यानं तो थांबवलासुद्धा नाही, आल्या पावली चाळीस पावलं लांब पाठवला, आणि गोल. मी पुन्हा त्याच्यापाशी गेलो. मग मधल्या भगदाडातून दुसरा गोल झाला. शेवटी आम्ही एक फेडला, तो दत्तानं मारलेल्या लांब चेंडूवर, नशिबानं. हरलो.

शिट्टी वाजल्यावर मला वाटलं सर आता मला फाडून खातील. सर हसत होते. इतके हसत होते की त्यांना खोकला आला. "दो साल मैं ढूँढता रहा इसकी जगह," ते म्हणाले, "और इसने तुझेच खूँटे से बाँध दिया!" हरलेल्या संघाच्या गुरूनं जिंकलेल्या संघातल्या माणसाला मिठी मारलेली मी तेवढी एकदाच पाहिली. खुंट्याची जर्सी तेव्हाही कोरडी होती.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी लोह्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. हबीब सर गेले. दत्तानं रिक्षा विकून टेम्पो घेतला. आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि तिथं अजूनही दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी लिहितं, "खुंट्याला खरं म्हणजे पुढंच खेळवायला पाहिजे होता," आणि पुन्हा जुंपते. खुंटा ग्रुपवर आहे, पण बोलत नाही. अंगठा दाखवतो.

गेल्या हिवाळ्यात मुलांचा संघ घेऊन उदगीरला गेलो होतो. मुलं जेवायला बसल्यावर मी मोंढ्यात त्याच्या दुकानावर गेलो. अंगानं आणखी भरलाय, कानाशी केस पांढरे झालेत. मला पाहून उठला नाही, कानडीत "बा, बा", म्हणजे ये, ये, म्हणत गादीवर जागा करून दिली. चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग मला एकदम लक्षात आलं की त्याच्या जागेवरून आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं डोकेफोड केली, पण त्याला स्वतःला कुठं खेळायचं होतं हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं.

तो जरा लाजला. समोरच्या पोत्यातली मूठभर तूर हातात घेऊन दाणे या हातातून त्या हातात करत राहिला.

"तुझ्या जागी," तो म्हणाला.

"माझ्या? पळायला?"

"हाव. लहानपणापासून लई वाटायचं, पळावं. नांदेडला आलो तवा, तुमच्यात यायच्या आधी, गल्लीतल्या पोरांत दोन-चार डाव पळून बघितलं बी. पण पळालो की मला दिसायचं बंद व्हायचं. सगळं हलायला लागायचं, कोण कुठं हाय तेच कळायचं न्हाई. उभा ऱ्हायलो की दिसायचं. मग म्हटलं, दोन्ही आपल्याला मिळणार न्हाई." त्यानं दाणे परत पोत्यात टाकले. "तू सुटलास ना कडेनं, की मला वाटायचं, हे आपल्याला जमलं असतं तर."

त्याच्यासारखं एकदा तरी दिसावं म्हणून मी आयुष्यभर मान वळवून बघायला शिकलो, आता पोरांनाही तेच शिकवतो, ती लोह्याची पोरं सुद्धा मैदानात "नोडु" ओरडतात. हे सगळं मला त्याला सांगायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "बसू, मी तुझ्यासाठीच पळायचो रे."

"ठाऊक हाय की," तो म्हणाला. "म्हणून तर बघत उभा ऱ्हायचो."